सेल्फला कशाला मध्ये घालता?

मेकॅनिक रूपजीभाऊ गाडी बघायच्या आधी ती कुठे उभी केली आहे ते बघायचे. गाडी उतारावर, पुढच्या चाकाला दगडाची अडण, आणि शेजारी चांगली सपाट जागा रिकामी पडलेली, एवढं दिसलं की ते लांबूनच सांगून टाकायचे, "ह्याचा सेल्फ गेलाय." बॉनेट उघडणं नाही, चावी फिरवणं नाही, मालकाला चार प्रश्न विचारणं नाही. हे निदान कधी चुकल्याचं मला तरी आठवत नाही.

ज्यांनी गाडीच्या चावीला कधी हात लावला नाही त्यांच्यासाठी सांगते. चावी फिरवल्यावर इंजिनाला पहिला झटका देणारी जी छोटी मोटर असते तिला पुस्तकात स्टार्टर म्हणतात आणि आमच्याकडे झाडून सगळे सेल्फ म्हणतात. सेल्फ बिघडला तरी गाडी उतारावरून सोडायची, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा, की धक्का बसून चालू होते. आता डहाणू पडलं समुद्रकाठचं, सपाट. तिथे सेल्फ गेला की माणूस लगेच मेकॅनिक शोधतो, कारण रोज सकाळी ढकलायला माणसं कुठून आणणार? तलासरीकडे मात्र जिकडे बघाल तिकडे चढउतार. "डहाणूवाला सेल्फ दोन दिवस सहन करते, तलासरीवाला दोन वरस," भाऊ म्हणायचे. "उतार देवानं दिलाय ना, मंग मेकॅनिक कशाला?"

त्यांच्या ओळखीतल्या एका शेतकऱ्याने तर कमाल केली होती. त्याचं अंगण सपाट होतं. गडी लावून त्याने ते उकरून घेतलं, गाडीसाठी छान उतार केला, पण सेल्फ काही दुरुस्त केला नाही. पुढे मुलाचं लग्न ठरलं ते नेमकं डहाणूत, समुद्राजवळच्या हॉलमध्ये. परत निघताना नवरी रुसून गाडीत बसलेली आणि फेटा बांधलेला नवरदेव दोन मामांबरोबर गाडी ढकलतोय! ही गोष्ट सांगताना भाऊ इतके हसायचे की हातातला पाना खाली ठेवावा लागायचा. "अंगण उकरलं, पन सेल्फ नाय खोलला! काय म्हनायचं ह्या मानसाला?"

या उतारवाल्यांतलीच मी एक होते, म्हणून तर आमची गाठ पडली.

माझे यजमान गेले तेव्हा मी तलासरीच्या शाळेत शिकवत होते, नोकरीची चार वर्षं उरली होती. आशागडच्या घरासमोर चिकूच्या झाडाखाली त्यांची गाडी नुसती उभी. मुलगा निनाद पुण्याला. तो फोनवर म्हणाला, "आई, पडून पडून खराब होईल. विकून टाकू." मी म्हटलं, "बघू." खरं म्हणजे मला ती विकायची नव्हती. यजमानांच्या आग्रहाने कधीकाळी काढलेलं लायसन्स कपाटात होतं. मी कोणाला न सांगता महिनाभर ड्रायव्हिंग क्लास लावला आणि एक दिवस गाडी घेऊन सरळ शाळेत गेले. त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश होते की पहिल्या तासाला फळ्यावर तारीखसुद्धा चुकीची लिहिली. निनादला मात्र सांगितलं, शेजारच्या बाईंबरोबर जाते येते. तो उगाच काळजी करेल, असं मी स्वतःला समजावलं.

आता हे कबूल करायलाच हवं. वर्गात साठ पोरांना नुसत्या नजरेने गप्प करणारी मी, घरात कधी कोणाला धड 'नाही' म्हटलेलं नाही. नाही म्हणायचं काम मी दुसऱ्या कशावर तरी ढकलत आले. निनाद म्हणाला पुण्याला राहायला ये, तर माझे गुडघे पुढे केले. नणंदेने महिनाभर बोलावलं, तर शाळेची तपासणी पुढे केली. बिचारे गुडघे तेव्हा ठणठणीत होते.

तर गाडीचा सेल्फ रुसायला लागला. शाळेतल्या शिपायाने गुरुमंत्र दिला, "बाई, वरच्या अंगाला लावत जा, उतारावर." मी महिनाभर तसंच केलं. एका दुपारी भाजीची पिशवी घेऊन गाडीपाशी आले तर एक किडकिडीत, पिकल्या मिशांचा माणूस चाकाखालच्या दगडाकडे बघत उभा.

"बाई, सेल्फ कधीपासून त्रास देते?"

"तुम्हाला काय करायचंय?" मी वर्गातल्या आवाजात विचारलं.

"मला काय नाय करायचं. तुमालाच करायला लागंल. पुढं कोनी गाडी लावली तर काय कराल?" एवढं बोलून तो निघून गेला.

मी वळून बघते तर खरंच माझ्या पुढ्यात एक जीप लावलेली. चालक गायब. मी तासभर त्या उन्हात उभी, पिशवीतला पालक मान टाकायला लागला आणि मी त्या मिशाळ माणसाला मनातल्या मनात बोल लावत होते, जणू जीप त्यानेच लावली होती. दुसऱ्या दिवशी निमूटपणे चौकशी करत त्याच्या दुकानात गेले.

दुकान म्हणजे अच्छाडकडे जाताना हायवेच्या कडेला एका ढाब्याला लागून पत्र्याची शेड. भाऊंचं गाव तिथून आत डोंगराकडे. घरची भातशेती, नाचणी, ते सगळं भाऊबंद बघायचे. भाऊ तरुणपणी अच्छाडच्या ढाब्यावर पाणी द्यायला आले आणि थांबलेल्या ट्रकांची वायरिंग बघत बघत हा धंदा शिकले. ट्रकवाल्यांशी हिंदी, हद्दीपलीकडच्या शेठलोकांशी गुजराती, माझ्याशी मराठी आणि गाडीखाली शिरले की स्वतःशी घरची बोली, असा कारभार होता.

"बॉनेट उघडू?" मी विचारलं.

"नको. पैले आयकायचं, मंग पाना." ते उलट्या डब्यावर बसले, डोळे मिटले आणि हात वर केला. हायवेवरून एक ट्रेलर धडधडत गेला. तो पूर्ण लांब जाईपर्यंत हात वरच. मग म्हणाले, "मारा सेल्फ."

टक. एकच आवाज, पुढे काही नाही.

"परत."

टक.

मग त्यांनी हेडलाइट लावायला सांगितले, दिव्यासमोर तळहात धरला आणि पुन्हा चावी फिरवायला लावली. "उजेड कमी नाय झाला. म्हंजे बॅटरी बिचारी देतेय, हाच घेत नाय. मेला नाय, रुसलाय." गाडीखाली शिरून त्यांनी पान्याच्या मुठीने सेल्फला दोन हलके टोले दिले. "आता मारा." आणि गाडी चालू! मला इतका आनंद झाला की मी पर्स उचलून निघालेच. भाऊ खालूनच ओरडले, "ओ बाई, कुठं चालल्या? हे दुरुस्त नाय झालं, हे भुलवलं नुसतं!"

मग त्यांनी सेल्फ उतरवला आणि गोणपाटावर उघडून ठेवला. आतून काळी पूड सांडली. मोटरीला वीज पोचवणारे जे कार्बनचे छोटे ठोकळे असतात, ते झिजून नखाएवढे उरले होते. "हे बघा, पोचतच नव्हते बिचारे. टोला दिला की टेकायचे, परत मागं." तांब्याची गोल फिरकी त्यांनी बारीक पॉलिश पेपरने घासली, तिच्या खाचा तुटक्या ब्लेडने कोरून साफ केल्या आणि नवे कार्बन बसवले. ग्रीस लावलं ते करंगळीच्या टोकावर मावेल एवढंच. "जास्ती माया केली तर कार्बनवर येते आनि परत बोंब." शेवटी सेल्फ जमिनीवर ठेवून चपलेच्या पायाने दाबून धरला आणि वायर टेकवली. त्याने अशी उसळी मारली की मी किंचाळून मागे सरले. भाऊ लहान मुलासारखे खूश. "बघा, कसा उड्या मारते!"

निघताना त्यांनी मला पुन्हा सीटवर बसवलं आणि चावी फिरवायची शिकवणी घेतली. फिरवा, दोन सेकंद, सोडा. नाही लागली तर थांबा, दहा मोजा, मग परत. इंजिन लागल्यावर तर क्षणभरही धरायची नाही, नाहीतर सेल्फच्या चाकाचे दात इंजिनाच्या दातांवर घासतात आणि सेल्फ जळतो. "सेल्फ असा तसा खराब होत नाय बाई, हात खराब करते. लोकं चावी धरूनच ठेवतात. चावी म्हंजे काय हातपंपाचा दांडा हाय?" मग म्हणाले, "तुमचा हात चांगला हाय." पस्तीस वर्षांच्या नोकरीत अधिकाऱ्यांनी शेरे बरेच दिले, पण घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात हेच वाक्य घोळत होतं.

त्यानंतर काम असो नसो, महिन्यातून एकदा मी त्या शेडमध्ये टेकायचे. आवाज शिकायचे. मास्तरकी अंगात मुरलेली, त्यामुळे वही केली. एकच टक म्हणजे सेल्फमध्ये दोष. टकटकटकटक अशी घाई म्हणजे बॅटरी उतरलेली किंवा तिचं टर्मिनल सैल. घुंईईई करून नुसतंच फिरणं म्हणजे मोटर चांगली, पण तिचं दातेरी चाक इंजिनाला धरत नाही. खर्रर्र म्हणजे दात झिजलेले. भाऊंनी वही हातात घेतली, लांब धरून वाचली आणि गडगडून हसले. "बाई, तुमी तर धडाच करून टाकला! स्वाध्याय कुठंय?"

स्वाध्याय मिळाला धाकटी डहाणूला. मी बंदरावर मासळी घ्यायला गेले होते. मासळीचे क्रेट भरलेला एक टेम्पो चालू होईना, चालक चावीवर चावी मारतोय आणि आवाज येतोय टकटकटकटक. हा तर माझ्या वहीतला आवाज! मी पुढे होऊन म्हटलं, "बॅटरीचं टर्मिनल बघा. खारं पाणी गळून पांढरं झालं असेल." चालकाने माझ्याकडे असं बघितलं की ही बाई पापलेट घ्यायला आली की गाडी घ्यायला. पण बघितलं, घासलं, आवळलं, आणि टेम्पो चालू. टोपलीवाली मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मास्तरीण हाय का मेकॅनिक गो तू?" आणि वर दोन बोंबील जास्त टाकले. मी ते सांगायला दुसऱ्या दिवशी खास वाकडी वाट करून भाऊंकडे गेले. त्यांनी फक्त ढाब्यावरून दोन चहा मागवले, मलईवाले.

असं सगळं मजेत चाललं होतं आणि दिवाळीच्या सुट्टीत निनाद आला तो गिऱ्हाईक ठरवूनच. "आई, उंबरगावचे एक शेठ आहेत. रविवारी बघायला येतील. गाडी अधूनमधून चालू करून देणाऱ्या त्या मेकॅनिकचं तू इतक्यांदा नाव घेतेस, त्यांनाच बोलव. ते सांगतील ते शेठना पटेल." त्याने सगळं चांगल्या मनाने केलं होतं, हाच तर घोटाळा. रागवायचं तरी कोणावर? मी "बरं" म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी नुसतीच उभी राहिले.

मग मी मागच्या दारी जाऊन भाऊंना फोन लावला आणि हळू आवाजात म्हटलं, "भाऊ, उद्या या. आणि एवढं करा, त्या शेठला सांगा की सेल्फ खराब आहे. आतून मोठं काहीतरी गेलंय म्हणून सांगा."

पलीकडून "येतो," एवढंच.

मी निर्धास्त झोपले.

रविवारी सकाळी शेठ आले, पांढरेशुभ्र कपडे, डोळ्यांवर गॉगल. पाठोपाठ मोटरसायकलवरून भाऊ आले, धुतलेला शर्ट घालून. मी चावी फिरवली, भाऊंनी डोळे मिटून ऐकलं. निनादने विचारलं, "काय काका, कशी आहे?"

"सेल्फ एक नंबर," भाऊ म्हणाले. "अख्ख्या तालुक्यात असा सेल्फ नाय. मी सोता बांधलाय."

माझा जो काही जळफळाट झाला म्हणता! माणूस इतका विश्वासघातकी? शेठ खूश, निनाद खूश, आणि मी तिथे चहाचा ट्रे घेऊन उभी. तो ट्रे भाऊंच्या डोक्यात घालावा असंच वाटलं.

शेठ म्हणाले, मी जरा चालवून बघतो, आणि सीटवर बसले. चावी फिरवली. इंजिन लागलं, तरी चावी धरूनच. खर्रर्रर्र! बंद केली, परत फिरवली, परत तेच. भाऊंचा चेहरा असा झाला की त्यांचीच दाढ कोणी उपटतंय. "छोडी दो शेठ, छोडी दो!" म्हणत ते खिडकीशी धावले. मग निनादकडे वळले. "साहेब, गाडी तुमची, कोनाला द्यायची ते तुमी ठरवा. पन हा हात आठ दिवसात सेल्फ खाऊन टाकंल. तुमच्या आईचा हात दोन सेकंदाचा हाय. रोज आशागडवरनं तलासरी जातात, कधी अच्छाडला येतात माझ्याकडं. आज दोन वरस झाली, एक दात घासला नाय."

"रोज?" निनाद माझ्याकडे बघायला लागला. "आई, तू चालवतेस?"

मी उत्तर द्यायच्या ऐवजी पाणी आणते म्हणून आत पळाले. माझी जुनी सवय. भाऊ पाठोपाठ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले.

"रागवल्या ना?"

"रागवू नको तर काय करू? एवढंसं सांगितलं होतं तुम्हाला!"

"बाई, त्या सेल्फनं तुमचं काय वाकडं केलं?" त्यांचा आवाज अगदी हळू होता. "रोज इमानदारीत उठते बिचारा. त्याला खोटा खोटा आजारी पाडायचं, कशाला? तुमाला गाडी विकायची नाय ना? मंग तसं बोला की. सेल्फला कशाला मध्ये घालता?"

नळ तसाच चालू होता. तो भाऊंनीच बंद केला.

मी बाहेर आले. साठ पोरांसमोर कधी झाली नाही अशी माझी अवस्था. "निनाद," मी म्हटलं, "मला गाडी विकायची नाही. मी रोज चालवते. मला आवडते. तुझ्या बाबांची आहे म्हणूनही, आणि माझी आहे म्हणूनही."

शेठनी गॉगल काढला आणि मान हलवून चहा संपवला. भला माणूस होता, रागावला नाही. मला वाटलं, आता निनाद चिडणार, आता काळजीचं भाषण सुरू होणार. तो नुसताच म्हणाला, "मग इतके दिवस बोलली का नाहीस, आई? मी उगाच गिऱ्हाइकं शोधत बसलो." त्याच्या डोळ्यांत मला राग दिसला नाही, वाईट वाटलेलं दिसलं. आपल्या आईला आपल्याशी खरं बोलता येत नाही, याचं. ते बघून मला माझ्या गुडघ्यांची, तपासण्यांची, सगळ्याच थापांची लाज वाटली. मी ते सगळं त्याला त्या दिवशीच सांगून टाकलं. तो हसून हसून लोळला, मग थोडा रडला. भाऊ तोपर्यंत बॉनेट उघडून काही बिघडलं नाही ना ते बघत बसले होते, आमच्याकडे पाठ करून.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी भाऊ गेले. दोन दिवस तापाचं निमित्त झालं, एवढंच. बाराव्या दिवशी मी एकटीच गाडी घेऊन त्यांच्या गावी गेले. आत डोंगराकडचा रस्ता, दोन्ही बाजूंना कापणीला आलेला भात. खळ्यात त्यांच्या बायकोने, सोनीबाईंनी, माझ्यासाठी खाट टाकली आणि पाण्याचा तांब्या दिला. माझ्या तोंडाकडे बघत त्या म्हणाल्या, "बाई, डोळं लाल झालं तुमचं. रस्त्याची धूळ गेली वाटतं?"

एरवी मी लगेच हो म्हटलं असतं.

"धूळ नाही हो," मी म्हटलं. "रडत आले मी सगळा रस्ता. भाऊंसाठी."

सोनीबाई माझ्या शेजारी खाटेवर बसल्या. "मी पन सकाळपासून चुलीचा धूरच सांगते सगळ्यांना," त्या म्हणाल्या, आणि मग आम्ही दोघी मोकळेपणी रडलो.